कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की

एका जंगलात, मुलांनो, झाडं जेवढी होती तेवढेच फलक होते.

हात बांधून बसा. तोंडावर बोट. मागच्या रांगेतले काका, मोबाईल खिशात ठेवा. गोष्ट लहान आहे. तेवढ्यात तुमच्या ग्रुपवर काही बिघडत नाही, आणि बिघडलंच तर तुम्ही न वाचता अंगठा टाकणारच आहात.

तर त्या जंगलात एका जुन्या उंबराखाली शाळा भरायची. उंबराची एक भलीमोठी फांदी आडवी गेली होती. तिच्या खाली सतरंजीवर इयत्ता दुसरी बसायची. शाळेचे मुख्याध्यापक सांबरसर. त्यांची शिंगं इतकी भारदस्त की मान वर करून बघणं त्यांना जमत नसे. समोरचं मात्र छान दिसे, त्यातून समोर फोटो काढणारं कुणी असेल तर फारच छान दिसे.

आदल्या वर्षी शाळेच्या फलकावर एक सूचना लागली होती. ‘मुलांमध्ये खरजेची साथ आली आहे. पालकांनी काळजी घ्यावी.’ पालकांनी काळजी घेतली, म्हणजे दोन सशांनी आपल्या मुलांची नावं काढून ओढ्यापलीकडच्या शाळेत घातली.

सांबरसर भयंकर संतापले. त्यांनी फलकप्रमुख साळुंकीबाईंना बोलावून घेतलं.

“बाई, खरजेनं नाव काढलं नाही कुणी. सूचनेनं काढलं.”

“मग काय करू, सर? सूचनाच लावू नको?”

“लावा ना. पण यापुढे प्रत्येक सूचना एकाच वाक्यानं सुरू होईल. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’. पुढे काय लिहायचं ते लिहा.”

तेव्हापासून त्या शाळेत वाईट काही घडलंच नाही. खरूज अजून होती. मुलं खाजवायची. पण साथ गेली, कारण तिच्याबद्दल कळवण्यात कुणालाच आनंद होईना.

फलकाखाली ओल्या मातीचं एक घमेलं ठेवलेलं असे. पालक मुलांना सोडायला येत, फलकाची पहिली ओळ वाचत, पंजा मातीत बुडवून फलकाखाली ठसा उमटवत, “अभिनंदन, अभिनंदन!” म्हणत आणि कामाला जात. ठसा न उमटवणाऱ्या पालकाकडे बाकीचे जरा विचित्र नजरेनं बघत. एकदा ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की बेडूकगुरुजींचे सासरे वारल्यामुळे उद्या इयत्ता दुसरीला सुट्टी राहील’ अशी सूचना लागली. एकोणपन्नास ठसे पडले. बेडूकगुरुजींना वाटेत धरून सगळ्यांनी अभिनंदन केलं. गुरुजींनी थोडा वेळ विचार केला आणि ते स्वीकारलं.

आता या गोष्टीत एक टिटवी येते. तिची मुलगी चिमी, इयत्ता दुसरी, पहिली रांग.

टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं, असं त्या जंगलातले जाणते लोक सांगत. खरं म्हणजे काहीतरी वाईट व्हायला लागलं की टिटवी ओरडते. पण एवढा बारीक फरक करत बसायला जाणत्या लोकांना वेळ कुठला? चिमीला शाळेत घालताना सांबरसरांनी टिटवीकडून हमीपत्र लिहून घेतलं होतं. ‘मी शाळेच्या आवारात कोणत्याही कारणास्तव ओरडणार नाही. ओरडल्यास माझ्या मुलीचे नाव कमी करण्यास माझी हरकत राहणार नाही.’ टिटवीनं सही केली. माळावर अंडी घालून वाढवलेल्या चार पिल्लांपैकी ही एकच उरली होती. तिनं शिकावं, दोन अक्षरं गिरवावीत, एवढी एकच हौस त्या आईला होती.

एका सोमवारी चिमी घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर पिवळा भुगा होता.

“हे काय गं?”

“वरून पडतो. वर्गात सगळ्यांच्याच डोक्यावर पडतो. गुरुजी म्हणतात, अक्षता समजा.”

टिटवी तडक शाळेत गेली. जमिनीवर संसार करणाऱ्यांना वर बघायची सवय असते. तिनं वर बघितलं. फांदी जिथे खोडातून निघाली होती तिथे बोटभर चीर होती.

फलकावर सूचना कोरायचं काम सुतारतात्यांकडे होतं. सुतारपक्षी ते. जन्म लाकडात गेलेला. टिटवीनं त्यांना फांदीवर नेलं. तात्यांनी चोचीनं दोनदा ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं.

“टिटवे, ही टकटक वाजत नाही. भदभद वाजतीय. आतून पार भुसभुशीत झालीय बघ.”

“किती दिवस टिकेल?”

“वारा सुटला नाही आणि कुणी वर चढलं नाही, तर आठवडाभर. तू आपली चिमीला घरी ठेव.”

“आणि बाकीच्यांना, तात्या? एकतीस पिल्लं बसतात खाली.”

टिटवीच्या घशात ओरडणं येऊन बसलं होतं. तिनं ते गिळलं आणि ती मुख्याध्यापकांकडे गेली.

सांबरसरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “टिटवीबाई, ही तक्रार आहे की सूचना?”

“सर, फांदी पडणार आहे.”

“तेच विचारतोय. तक्रार असेल तर तक्रार निवारण समितीकडे द्या. समिती अजून नेमायची आहे. सूचना असेल तर फलकावर लावू. नमुना ठाऊक आहे ना?”

“सर, एकदा वर बघा हो.”

“वर बघायचं काम माझं नाही,” सांबरसर म्हणाले, आणि त्यांच्या शिंगांकडे बघता ते खरंच होतं.

टिटवीनं सूचना लिहिली. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की इयत्ता दुसरीवरची फांदी आतून पोकळ झाली असून कोणत्याही क्षणी मुलांच्या अंगावर पडेल.’ हे लिहिताना तिचा जीव तुटत होता. पण नमुना म्हणजे नमुना.

साळुंकीबाईंनी ती वाचली आणि नाक मुरडलं.

“अहो, किती रुक्ष भाषा! ‘पोकळ’ काय, ‘अंगावर’ काय! पालक वाचतात हो हे. थांबा, मी जरा शुद्धलेखन तपासते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर शुद्ध झालेली सूचना लागली. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की आपल्या शाळेच्या ज्येष्ठ व अनुभवी फांदीचे इयत्ता दुसरीच्या वर्गात लवकरच आगमन होत आहे.’

त्रेसष्ट ठसे! शाळेच्या इतिहासातला विक्रम. रानडुकरीण म्हणाली, “आमच्या बाळ्याच्या वर्गात येतायत म्हणे! नशीब काढलंन पोरानं.” माकडिणीनं विचारलं की त्या दिवशी मुलांनी गणवेश घालायचा की रंगीत कपडे? टिटवी एकेकाला बाजूला घेऊन सांगत होती, “अहो, पडणार आहे ती. पडणार आहे.” पण हळू बोलणारी टिटवी कुणी कधी ऐकली नव्हती. सगळ्यांना वाटलं, हिचा घसा बसला आहे. एकीनं तिला ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

ठशांचा आकडा जंगल शिक्षण सभेच्या सभापतींपर्यंत पोचला. सभापती म्हणजे तरसराव. कुठलीही गोष्ट ऐकली की ते हसत, त्यामुळे त्यांचा स्वभाव मनमिळाऊ समजला जाई. त्यांनी निरोप धाडला, ‘इतकी लोकप्रिय फांदी आणि तिचा सत्कार नाही? गुरुवारी सकाळी ठेवा. मी वेळेवर येतो.’

मग काय विचारता! शाळेला उधाण आलं. फांदीला मोठा हार घालायचा. शाल पांघरायची. वर नारळ ठेवायचा. माकडांनी चढून हे सगळं करायचं. आणि खाली सतरंजीवर, बरोब्बर फांदीखाली, इयत्ता दुसरीनं बसून स्वागतगीत म्हणायचं. पालकांच्या खुर्च्या लांब, उन्हात. मुलं मात्र सत्कारमूर्तीच्या सावलीत, असं साळुंकीबाईंनी कौतुकानं सांगितलं.

बुधवारी टिटवी पुन्हा सांबरसरांसमोर उभी राहिली.

“सर, निदान मुलांना तरी तिथून हलवा. पाया पडते.”

“आता? पत्रिका वाटल्या गेल्यात, बाई. आणि आवाज चढतोय तुमचा. हमीपत्र कपाटात आहे, एवढं लक्षात असू द्या.”

टिटवी बाहेर आली. ओरडावं तर चिमीचं नाव जाईल आणि लोक म्हणतील, झाली अवलक्षणी सुरू. कुणी जागचं हलणार नाही. गप्प बसावं तर उद्या नारळ ठेवला की संपलं. ती फलकाकडे बघत बसली. फलकावर नवे-जुने मिळून वीसेक आनंद लागले होते. बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी आलं.

शाळा सुटल्यावर तिनं सुतारतात्यांना गाठलं.

“तात्या, एक सूचना कोरायची आहे.”

“सही कुणाची?”

“माझीच.”

तात्यांनी मजकूर वाचला. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासाठी इयत्ता दुसरीच्या सर्व मुलांनी गुरुवारी सकाळपासून फुले घेऊन ओढ्याकाठी रांगेत उभे राहायचे आहे. पाहुणे त्या वाटेने येणार नाहीत. फांदी पडणार आहे, म्हणून मुलांना तिथून हलवले आहे. आपली, चिमीची आई.’

“अगं, पहिलं ठीक आहे. हे शेवटचं कशाला? सापडशील की.”

“मुलीच्या शाळेत खोटं लिहायला मन होत नाही, तात्या.”

“पण वाचतील ना कुणीतरी!”

“पहिल्या ओळीच्या पुढे?”

तात्यांनी मान डोलावली आणि पहिलं वाक्य बारीक अक्षरात एकाच ओळीत बसवून कोरायला घेतलं.

गुरुवारी सकाळी त्या सूचनेखाली सत्तर ठसे पडले. साळुंकीबाईंना वाटलं, सरांनी लावली. सरांना वाटलं, बाईंनी लावली. पाहुण्यांसाठी मुलांना उन्हात तिष्ठत ठेवायचं, यात कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. उलट एवढी महत्त्वाची गोष्ट आपण कशी विसरत होतो, असंच सगळ्यांना वाटलं. बेडूकगुरुजी इयत्ता दुसरीला घेऊन ओढ्यावर गेले. रिकामी सतरंजी तेवढी फांदीखाली राहिली.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. म्हणून सांबरसरांनी भाषण सुरू केलं. ‘साठ वर्षं ही फांदी कशी खंबीरपणे उभी आहे’ हा विषय होता. फांदी आडवी होती, पण ते असो. माकडांनी हार घातला. बारीक भुगा पडला. शाल पांघरली. जरा जास्त भुगा पडला. मग एका माकडानं मोठ्या अदबीनं नारळ ठेवला.

कडाडकन आवाज झाला. माकडं उड्या मारून खोडावर गेली. फांदी हार, शाल, नारळ, सगळं लेवून सतरंजीवर आली. अनुभवी होती, बरोबर मधोमध आली. चिमीची पहिली रांग जिथे बसते तिथे जमिनीत हातभर खड्डा पडला.

साळुंकीबाईंनी सवयीनं सुरुवात केली, “कळविण्यास अत्यंत आनंद...” आणि पुढे त्यांना बोलवेना. चोच उघडीच राहिली. मग रानडुकरीण किंचाळली, “बाळ्या!” आणि सगळे आईबाप ओढ्याकडे धावत सुटले.

ओढ्याकाठी एकतीस पिल्लं रांगेत उभी होती. फुलं सुकली होती. भूक लागली होती. बेडूकगुरुजी सावधान-विश्राम करवून घेत होते. रानडुकरीण बाळ्याला कवटाळून रडत होती आणि रडता रडता, गणवेश का मळवलास, म्हणून त्याला धपाटेही घालत होती. टिटवी रांगेत शिरली आणि चिमीला पंखाखाली घेऊन नुसती बसून राहिली.

तरसराव दुपारी डोंगराच्या वाटेनं आले, पडलेली फांदी बघून हसले आणि जेवून गेले.

आता तुम्हाला वाटेल की टिटवीचा सत्कार झाला. वाटू द्या. शुक्रवारी सांबरसरांनी, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, एक सूचना शेवटपर्यंत वाचली. मग फलकावर हे लागलं. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की श्रीमती टिटवी यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीविना सूचना लावून शिस्तभंग केल्याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे. तसेच मा. सभापतींच्या प्रेरणेने शाळेस मोकळे आकाश लाभले आहे.’

पालक आले. घमेल्यात पंजे बुडाले. एकशे चार ठसे पडले. आणि ज्याला त्याला दिसलेली पहिली ओळ होती, ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की श्रीमती टिटवी’.

“अभिनंदन हो, टिटवीबाई!” रानडुकरीण म्हणाली. “चीज झालं बघा!” माकडीण म्हणाली. सगळी शाळा तिचं अभिनंदन करत होती.

चिमीला अक्षरं नुकतीच येऊ लागली होती. तिनं एकेक अक्षर लावत फलक शेवटपर्यंत वाचला.

“आई, इथे तर तुला ओरडलेत. मग हे सगळे अभिनंदन का करतायत?”

“त्यांनी वाचलं नाही, बाळा.”

“का नाही वाचलं?”

टिटवीनं त्या खड्ड्याकडे बघितलं. “नाही वाचलं तेच बरं,” ती म्हणाली. “ते वाचत नाहीत, म्हणून तुम्ही वाचलात.”

आणि मग, मुलांनो, शाळेच्या आवाराबाहेर एक पाऊल टाकून ती इतक्या जोरानं ओरडली की अख्खं जंगल दचकलं. जाणते लोक म्हणाले, आता काहीतरी वाईट होणार.

तात्पर्य: शाळेची सूचना कधीही शेवटपर्यंत वाचू नये. गुरुवारी एखाद्या पालकाला तेवढी बुद्धी झाली असती, तर इयत्ता दुसरीचा निकाल त्याच दिवशी लागला असता.