डोकं असलेला बोर्ड

आमच्या शेजारचे इंगळे काकाजी घरातला टेबलफॅन लावण्याआधी घोषणा करतात. "फलाट क्रमांक दोनवर पंखा लागत आहे," असं खणखणीत आवाजात म्हणायचं, मोबाइलवर बोट टेकवायचं आणि मग पंख्याकडे अशा नजरेनं पाहायचं, की उशीर झाला तर त्याला मेमोच मिळेल. लग्न होऊन मी जानेफळला आले तेव्हा मला वाटलं, यांच्या घरी पाहुण्यांची फार वर्दळ असावी. नंतर कळलं, ते एकटेच राहतात.

काकाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी मेहकरच्या बसस्थानकावर माइकसमोर गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी जगात अजून दोनच प्रकारची माणसं आहेत, वेळेवर येणारी आणि लेट. मी शाळेत शिकवून परतताना दिसले की ओट्यावरून विचारतात, "काऊन सुनबाई, आज लेट?" मी त्यांची कोणी नाही, पण शेजारच्या घरची सून म्हणजे सुनबाई, एवढं नातं त्यांना पुरतं. काकीजी वारल्या त्यालाही काळ लोटला. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला आहे.

बोर्डाची गोष्ट सुरू झाली एका बादलीपासून. एके सकाळी काकाजींनी बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला आणि ते ओट्यावर पेपर वाचत बसले. पाणी उकळून आटलं आणि प्लॅस्टिकची बादली वितळून न्हाणीच्या फरशीला चिकटली. धूर पाहून मीच धावले आणि मेन स्विच खाली ओढला. प्रशांत लगोलग पुण्याहून आला. फरशीवरचा तो निळा गोळा बघून म्हणाला, "बाबा, बास झालं. घर विकू आणि तुम्ही पुण्याला चला."

काकाजींचा पुण्यावर राग नाही. "पन तिथं मले कोन वळखते?" असं त्यांचं म्हणणं. "इथं रस्त्यानं जानारा मानूस मले गाडीची वेळ विचारते." त्यांनी मुलाकडे मुदत मागितली. "दिवाळीलोक थांब. मी इसरलो तरी इसरनार नाही, असा बोर्ड बनवून दाखवतो. नाही जमलं तं मुकाट्यानं येतो, बापा." आता एका एक्स्टेन्शन बोर्डावर माणसाचं घर अवलंबून असणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. गल्ली सरसावून बसली.

काकाजी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून शिकू लागले. कुरियरवाल्याला त्यांचं दार पाठ झालं. तळहातावर मावेल एवढी एक हिरवी पट्टी आली. तिच्यावरच्या काळ्या चौकोनाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, हे त्यांनी मला माइकवरच्या आवाजात सांगितलं. एरवी त्याचं नाव 'डोकं'. "साधा बोर्ड म्हंजे बिनडोक्याचा, सुनबाई. बटन दाबलं का करंट सोडला. मंग घर जळो का राहो! याले मी डोकं बसवून राह्यलो." डोक्याच्या हाताखाली रिले नावाचे छोटे डबे होते. ते टक् करून एकेका प्लगचा करंट ठरलेल्या वेळी सोडायचे किंवा तोडायचे. प्रत्येक प्लगवर फलाटाचा नंबर रंगवलेला होता. हे सगळं त्यांनी आधी पत्र्याच्या पेटीत बसवलं. पेटीनं पहिल्याच दिवशी त्यांना असा झटका दिला की ते दोन फलाट मागे उडाले. मग लाकडी पेटी आली.

खरी पंचाईत वेगळीच होती. लाईट गेली की डोकं कोरं व्हायचं, आणि परत आली की बावचळून सगळे रिले एकदम सोडून द्यायचं. आमच्याकडे लाईट जाण्याला काही मुहूर्त लागत नाही. एके दुपारी काकाजी मिक्सरमध्ये लाल मिरचीचा ठेचा करत होते. मध्येच लाईट गेली, म्हणून झाकण काढून आत वाकून पाहत होते, तेवढ्यात ती आली. आरडाओरडा ऐकून मी गेले, तर पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं एकाच वेळी गरगरत, गात, घरघरत होतं. ठेचा भिंतीवर होता, कॅलेंडरवर होता आणि काकाजींच्या चष्म्यावर होता. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. "सगळ्या गाड्या एकदमच सुटल्या वं माय!" एवढंच ते म्हणाले. पुढचे कित्येक दिवस ते डोक्याच्या दुरुस्तीतच बुडालेले होते. शेवटी जमलं. लाईट आली की आधी सगळ्या गाड्या डेपोत, हुकूम मिळाल्याशिवाय एकही सुटणार नाही.

दिवाळीला प्रशांत आला. काकाजींनी नव्या बादलीत रॉड लावला आणि मुद्दाम ओट्यावर जाऊन बसले. आम्ही सगळे न्हाणीच्या दाराशी उभे होतो. पाणी तापलं, टक् असा आवाज झाला आणि रॉड आपोआप बंद पडला. प्रशांतनं बोट बुडवून पाणी तपासलं. त्याच पाण्यानं आंघोळ करून आला आणि म्हणाला, "ठीक आहे, राहा इथंच. पण याचा कंट्रोल माझ्या मोबाइलवरही पाहिजे." काकाजींना हा अपमान वाटला. "म्हंजे एका स्टँडवर कंट्रोलर दोन?" असं म्हणत त्यांनी तो दिला.

त्यानंतर घर सुरक्षित झालं, काकाजी मात्र जास्तच विसरू लागले. मागच्या खोलीतला बल्ब रोज संध्याकाळी जळत राहायचा, खोलीत कोणी नसायचं. थोड्या वेळानं तो आपला आपण विझायचा. परवा प्रशांतचा मला फोन आला. "वहिनी, बाबा रोज तो दिवा विसरतात. मीच इथून बंद करतो. रॉडचं काय ते बोर्ड बघेल, पण माणूसच असा विसरायला लागला तर कसं? रविवारी न्यायला येतोय."

मी सांगायला गेले. काकाजी मागच्या खोलीत बल्ब लावत होते. लावून निवांत ओट्यावर येऊन बसले.

"काकाजी, आत कोणी नाही. मग दिवा कशाला लावला?"

"लावला सहज."

"प्रत्येक फलाटाला तुम्ही टायमर लावलाय. मग हा राहतो कसा?"

"त्याले लावलाच नाही," काकाजी म्हणाले. "प्रशांत हापिसातून घरी पोचला का मोबाइल पाह्यते अन् दिवा बंद करते. मंग मले समजते, पोरगं पोचलं."

"फोन करा ना त्याला."

"फोन केला का मीटिंग असते त्याची. दिवा बंद कराले मीटिंग आडवी येत नाही."

मला फार वाईट वाटलं. रविवारचं सांगितलं, तशी काकाजींनी मान खाली घातली. तेवढ्यात आत टक् झालं आणि मागच्या खोलीत अंधार झाला. काकाजींनी वळून पाहिलं.

"पोचला," ते म्हणाले.

"मी प्रशांतला खरं काय ते सांगते."

"नोको सांगू. लाजून दोन-चार दिवस फोन करंन, मंग तेही राहून जाईन. अन् दिवाही बंद करनार नाही."

"मग काय सांगू?"

काकाजींनी बराच विचार केला.

"सांगजो, इसरतात थोडंसं. पन पुन्याले न्यायाइतकं नाही."