बिस्किटामागची सुई

"माणसं जोडणं? अहो, तो माझ्या डाव्या हातचा मळ आहे!" मॅनेजरसाहेबांनी मोठ्या डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात साहेब आल्यापासून दोन माणसं नोकरी सोडून गेली होती. साहेब मनाने वाईट नव्हते हो, पण आवाज! उभा जन्म फरश्यांच्या गोदामात गेलेला. तिथे ट्रकच्या घरघरीवर आवाज चढवल्याशिवाय चहासुद्धा मिळत नसे. "तुम्ही बोलत नाही, घोषणा करता," असं घरी बायको म्हणायची. आता ते गोदामही बंद पडलं होतं.

"आणखी कोणी गेलं ना, तर त्याच्या मागोमाग तुम्हीही निघायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जरा जवळीक करा लोकांशी. विचारपूस करा."

साहेबांनी घाईघाईने मान डोलावली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार?

बाहेर येतात तर तपासणीच्या खोलीत एक करडी मांजरी टेबलाखाली शिरून सगळ्यांवर फिस्कारत होती. पण दवाखान्यातल्या सिस्टर तिच्यासमोर गेल्याच नाहीत. बाजूने गेल्या, खाली बसल्या, नजर भिंतीकडे ठेवली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "काय गं राणी? कोणी रागावलं का तुला?" मग हातावरचा खाऊ पुढे केला. मांजरी हळूहळू बाहेर आली!

साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढे काय झालं ते बघायला ते थांबलेच नाहीत. थांबले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्यांनी बिस्किटांचा पुडा आणला आणि थेट काउंटरवरच्या ताईंना गाठलं. थेट म्हणजे बाजूने! त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली आणि घशातून जमेल तेवढं लोणी काढलं.

"काय ताई? घरी सगळं बरं ना? कोणी रागावलं का?"

ताईंच्या हातातून पेन गळून पडलं. "साहेब, माझं काही चुकलं का?"

"छे छे! तुम्ही तर किती शहाण्या! घ्या, बिस्किट घ्या."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांना वाटलं, भारावल्या!

पुढची पाळी पैलवानाची. दांडगी कुत्री धरून ठेवण्याचं काम त्याचं. साहेबांनी मागून येऊन त्याची पाठ थोपटली, मानेजवळ जरा चोळलीसुद्धा. एवढा आडदांड गडी, पण अंग चोरून कोपऱ्यात सरकला आणि बिस्किट नुसतं हातात धरून उभा राहिला.

सिस्टरना बिस्किट दिलं तर त्यांनी वेगळंच विचारलं. "साहेब, दुसरा हात मागे का लपवलाय?"

"कुठे? काही नाही!" साहेब म्हणाले. मागे पुडा होता, दुसरं काय!

दुपारी तिघंही साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सिस्टरनी तोंड उघडलं.

"आम्हाला काढायचं तर सरळ सांगा. गोड बोलायचं, खाऊ द्यायचा, पाठ थोपटायची आणि बेसावध पकडून सुई टोचायची, हे रोज आम्हीच करतो! आम्हाला कळत नाही होय? तुम्ही काढण्यापेक्षा आम्हीच जातो."

तिघं! एकदम! साहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"असं नका हो करू," ते आणखी मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही सगळे खूप गुणी आहात."

ताईंना रडूच फुटलं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. करडी मांजरी टोपलीतून सुटली होती! ती काउंटरवर चढली, तिथून औषधांच्या कपाटावर आणि तिथून थेट साहेबांच्या हातावर! मग मात्र गोदाम जागं झालं.

"बघत काय उभे राहिलात! दार लावा! पैलवान, टोपली आण! सिस्टर, टॉवेल! ताई, रडणं नंतर!"

सगळे वाऱ्यासारखे पळाले. मांजरी टॉवेलात, टॉवेल टोपलीत. सगळं शांत झालं.

"साहेब ओरडले," ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"ओरडले की!" पैलवानाची कळी खुलली. "म्हणजे काढत नाहीत!"

साहेब मटकन स्टुलावर बसले. "अहो, तुम्हाला कसला काढतोय! तुमच्यातलं एक जरी गेलं तरी मलाच काढणार आहेत. घाबरलोय हो मी. काय बोलावं, कसं बोलावं, काही सुचत नव्हतं."

मग सिस्टर हसल्या. "मग असं सरळ सांगायचं ना! आम्ही काय फिस्कारतो?" पैलवानाने हातातलं बिस्किट एकदाचं तोंडात टाकलं, आणि ताईंनी न विचारताच आईच्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगून टाकली. साहेबांना फार बरं वाटलं.

इतक्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. बाजूने आल्या. स्टुलाशेजारी खाली बसल्या. नजर भिंतीकडे.

"काय साहेब? दमलात का?" आवाज अगदी लोण्यासारखा! त्यांनी एक बिस्किट पुढे केलं. दुसरा हात पाठीमागे.

"बाई, मला काढू नका!" साहेब कळवळले. "कोणीही जात नाहीये! विचारा त्यांना!"

पैलवानाने सवयीने त्यांचे खांदे गच्च धरले. "हलू नका साहेब. लगेच होतं."

"काढतंय कोण?" डॉक्टरबाईंनी मागचा हात पुढे आणला आणि मांजरीने ओरबाडलेल्या हातावर औषधाची अख्खी बाटली ओतली.

साहेबांची आरोळी बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली. बाकावर बसलेली माणसं कुत्री उचलून उभी राहिली.

"बसा हो, बसा," ताई काउंटरवरून म्हणाल्या. "आमचे साहेब आहेत. सगळं ठीक चाललंय."

"शहाणे आहात," डॉक्टरबाईंनी साहेबांची पाठ थोपटली. साहेबांनी डोळे पुसले आणि बिस्किट खाल्लं. ते कुत्र्यांच्या बरणीतलं होतं, हे त्यांना दुसरं मागताना कळलं.