आमेन होईपर्यंत

आमच्या घरमालकीण एस्तेरअक्का पवार जेवणाआधी प्रार्थना करतात. करू देत, ज्याचा त्याचा प्रश्न. पण ही प्रार्थना सुरू होते तेव्हा आमटीतून वाफ येत असते आणि संपते तेव्हा तिच्यावर साय धरलेली असते. भाकरी वातड होते. धाकटा बेन्या बसल्या जागी झोपतो, त्याची मान पुढे पडते आणि कपाळ ताटाला लागून टण्‌ आवाज येतो. अक्का थांबत नाहीत.

"हे स्वर्गीय बापा, या अन्नासाठी तुझे उपकार. आज भोपळा मिळाला, त्यासाठीही उपकार. तो आतून किडका निघाला, हे तू पाहिलंस. विकणाऱ्याला क्षमा कर, पण लगेच करू नकोस. तुझा सेवक दाविद आज पुन्हा चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात आला, त्याला सद्बुद्धी दे. रूथला वेणी घालायला आरशासमोर किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे, मी काय सांगू?"

असं सगळं. दिवसभराचा हिशेब देवापुढे, आणि तोही मोठ्या आवाजात. डोळे मिटलेले, हात जोडलेले, त्यामुळे उलटून कोणी बोलायचं नाही. मी सभा पुष्कळ पाहिल्या आहेत. इतकी एकतर्फी सभा पाहिलेली नाही. वक्ता एकच आणि प्रश्नोत्तरांना वेळ नाही.

आणखी एक. प्रार्थनेला सुरुवात करण्याआधी अक्का हातातल्या काचेच्या बांगड्या वर, थेट कोपरापर्यंत सरकवून घट्ट बसवतात. मला वाटायचं, देवाशी दोन हात करायची ही तयारी असावी.

मी मूळची बेळगावची. इथे एका कारखान्याच्या कचेरीत टंकलेखिका आहे, आणि कचेरी सुटल्यावर कामगार बायकांसाठी पत्रकं लिहिते, ती सायक्लोस्टाइल करते आणि फाटकाशी उभी राहून वाटते. बंगळूरला आले तेव्हा मल्लेश्वरमात आपल्याच मराठी माणसांकडे खोली शोधली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, चांगली शिकलेली माणसं. "एकटी मुलगी? स्वल्प कष्ट आहे हो," म्हणाली. म्हणजे नाही म्हणाली. शेवटी कंटोन्मेंटात पवारांच्या परसातली खोली मिळाली. पवार मूळचे सोलापूरकडचे, ख्रिस्ती, अक्कांचे यजमान दाविदमामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, मुलं आठ. अक्कांनी माझी जात विचारली नाही, बाप काय करतो विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रात्रीचं जेवण भाड्यात धरलंय. पाय धुऊन टेबलाशी यायचं." देव मी मानत नाही, हे मी लगेच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बरं. वरच्याला दिसतंय."

हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याने पाणी घातलं, वरच्याला दिसतंय. मुलांनी गुळाच्या डब्यात हात घातला, वरच्याला दिसतंय. रोज रात्री प्रार्थना चालू असताना मी मान खाली घालून मांडीवर ठेवलेलं पत्रकाचं प्रूफ तपासत असे. घरच्यांना ती भक्ती वाटे. वरच्याला काय दिसत होतं, ते त्याचं त्याला माहीत.

आता उन्हाळ्याकडे येते. बंगळूरची हवा थंड आहे हा शोध ज्याने लावला, त्याला एस्तेरअक्कांच्या घरी एक उन्हाळा काढायला लावला पाहिजे. एप्रिल लागला की सोलापूर, गदग, रायचूर अशा भाजून निघणाऱ्या गावांतून नातेवाईक वळकट्या घेऊन उतरायला लागतात. ओसरीवर माणसं, अंगणात माणसं, टेबलाखालीसुद्धा माणसं झोपलेली. अक्का उजाडायच्या आधी गल्लीतल्या नळावर रांगेला. मग शेगडी. मग कोणाचं डोकं धू, कोणाचे पापड कावळ्यांपासून राख, कच्च्या तोतापुरीचं लोणचं घाल, दुपारच्या भाताची पातेली उपसत नाही तोवर संध्याकाळची चढव. हवा खायला आलेली मंडळी संध्याकाळी बागेत फिरायला जातात. बंगळूरचा गारवा अक्कांच्या अंगाला लागताना मी पाहिलेला नाही.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "अक्का, हे शोषण आहे."

"कोणाचं गं?"

"तुमचं!"

"बरं. तेवढा नारळ खवून दे, मग सांग पुढचं."

गेल्या उन्हाळ्यात सलोमीआत्या आल्या. दाविदमामांची थोरली बहीण, विधवा, सोलापुरात मुलींना शिवण शिकवून राहणारी. छातीच्या दुखण्याने वर्षभर दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी सोडलं ते ताकीद देऊन: थंड हवा आणि भरपूर खाणं. अंगावर मांस धरलं नाही तर दुखणं उलटेल, आणि पुन्हा उलटलं तर भरवसा देता येणार नाही. टांग्यातून उतरल्या तेव्हा बाईंपेक्षा ट्रंक जड होती. टांगेवाल्याने आधी त्यांना उचलून खाली ठेवलं आणि मग तो ट्रंकेकडे वळला.

नणंद-भावजयीचं पहिल्या तासात वाजलं.

"वहिनी, पडदे धुवत नाहीस वाटतं?"

"धुते ना वन्सं. पाहुणे गेले की धुते."

"म्हणजे कधीच नाही."

"आता कसं बरोबर बोललात."

पण खरी लढाई जेवणाची. आत्यांचा स्वाभिमान असा, की ताटात काही पडायच्या आत त्यांचा हात आडवा. "मी भावाच्या घरी हवेला आलेय, त्याच्या लेकरांच्या तोंडचं काढायला नाही. अंडं नको, मला सोसत नाही. मटण नको, उन्हाळ्यात बाधतं. रस्सा वाढ थोडा. पुरे!" आठ मुलांच्या घरात अंडं चिरून अर्धं अर्धं होतं, रविवारचं मटण मोजून मापून येतं, हे त्यांना दिसत होतं. आग्रह केला की त्या ट्रंकेकडे बघायच्या. दाविदमामा एकदा रागावले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडून घड्या घालत बसलेल्या. तेव्हापासून आग्रह बंद झाला.

त्यांचा एक नियम मात्र कडक. बेन्याने एकदा कारल्याची भाजी ताटाच्या कडेला सारली, तर आत्या कडाडल्या, "आशीर्वाद मागून झालाय त्या अन्नावर! आमेन झाल्यावर ताटातलं परत जात नाही. काय असेल ते गिळ."

अक्का मुद्दाम त्यांना खेटून बसायच्या. "नजर ठेवायला बरं पडतं," म्हणायच्या. आत्या आल्यापासून प्रार्थना आणखीच लांबली. "प्रभू, आमच्या वन्संच्या जिभेला लगाम घाल. आज त्यांनी माझ्या पडद्यांची अब्रू काढली, हे तू ऐकलंस." डोळे मिटून आत्या फणकारायच्या, पण डोळे उघडायच्या नाहीत. प्रार्थनेत डोळे उघडणं त्यांच्या लेखी पाप.

शनिवारी दाविदमामा बहिणीला पार्सल ऑफिसात न्यायचे आणि सामानाच्या काट्यावर उभं करायचे. आल्यावर जाहीर करायचे, "पार्सल जरा जड झालं हो!" आत्या म्हणायच्या, "बंगळूरची हवा."

इकडे मी अस्वस्थ. घरातल्या मुलांनी रोज गार अन्न खायचं, एका बाईच्या लहरीखातर! अन्याय कारखान्यात असो की स्वयंपाकघरात, बोललं पाहिजे. मी पत्रक काढलं. "गरम जेवण हा प्रत्येकाचा हक्क आहे! प्रार्थना एका वाक्यात आटोपा! देव समजूतदार असेल तर त्याला तेवढं पुरेल!" मुलांनी आनंदाने सह्या ठोकल्या, बेन्याने अंगठा. पत्रक स्वयंपाकघराच्या दारावर डकवलं आणि मतदान घेतलं. मुलांचे सगळे हात वर. दाविदमामा म्हणाले, "मी रेल्वेचा माणूस. मला उशिराची सवय आहे." आत्या म्हणाल्या, "मी पाहुणी, मला मत नाही," आणि खाली बघत राहिल्या.

अक्कांनी पत्रक सावकाश वाचलं. काहीतरी बोलणार होत्या. आत्यांकडे बघितलं आणि बोलल्या नाहीत. "सरी," म्हणाल्या, इथले लोक म्हणतात तसं. "बहुमत आहे."

त्या रात्री बांगड्या वर गेल्या नाहीत. "बापा, या अन्नासाठी उपकार, आमेन." सपाट आवाजात. आमटी जिभेला चटका देईल इतकी गरम होती. मुलांनी ताटं वाजवली. माझी पुष्कळ पत्रकं वाया गेली आहेत, हे लागू पडलं.

शनिवारी मामा काट्यावरून परतले ते गप्पच. पुढच्या शनिवारीही. तिसऱ्यांदा परतल्यावर ते बुटांसकट स्वयंपाकघरात आले आणि अक्का त्यांना काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, "वजन उतरतंय गं. आली होती तिथपर्यंत आलं. हवा तर तीच आहे!" ओसरीवर आत्या खोकत होत्या. मग ट्रंक उघडल्याचा आवाज आला. "दाविद, माझं तिकीट काढ. मरायचंच तर माझ्या घरी मरेन. तुझ्या लेकरांच्या डोळ्यांदेखत नको."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मटण वाढून झालं, आत्यांचा हात नेहमीसारखा आडवा गेला, ताटात नुसता रस्सा. अक्का बसल्या आणि त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या.

"आज प्रार्थना लांब होईल. ज्यांना गरम पाहिजे त्यांनी आत्ताच उठावं."

कोणी उठलं नाही. मी निषेध म्हणून डोळे सताड उघडे ठेवले. मांडीवर प्रूफही नव्हतं. सरळ अक्कांकडे बघत बसले.

"हे स्वर्गीय बापा," अक्कांनी सुरुवात केली, "आमच्या वन्संनी काल ट्रंक भरली. कोणाला विचारलं? त्यांची मान किती ताठ आहे ते तुला माहीत आहे, तूच घडवलीस ती मान." आणि मी पाहिलं, की अक्कांचे डोळे मिटलेले नाहीत. एक हात छातीशी धरलेला. दुसरा हात त्यांच्या स्वतःच्या ताटातून मटणाचा तुकडा उचलून, रश्श्याचा थेंब सांडू न देता, शेजारच्या ताटात उतरला. "त्यांची जीभ सुरीसारखी चालते, बापा." दुसरा तुकडा. "माझ्या संसाराला नावं ठेवते." अर्धी भाकरी, खाली सारलेली. बांगड्यांचा आवाज नाही. आत्या डोळे गच्च मिटून फणकारत होत्या.

मग अक्कांची नजर माझ्या नजरेला भिडली. प्रार्थना एका अक्षरानेही अडखळली नाही.

"आणि बापा, या टेबलाशी एक मुलगी आहे. तिचा तुझ्यावर विश्वास नाही. नसू दे. पोर मनाने सरळ आहे. तिला एवढंच शिकव, की कधी डोळे मिटावेत."

मी डोळे मिटले.

प्रार्थना त्या दिवशी खूप लांबली. आमेन झालं तेव्हा आत्यांचं ताट भरलेलं होतं. अक्कांच्या ताटात रस्सा होता. आत्यांनी ताटाकडे पाहिलं, कोणाकडेच पाहिलं नाही, आणि सगळं खाल्लं. नियम त्यांचाच होता. जेवण झाल्यावर मी जाऊन दारावरचं पत्रक काढलं. मुलं ओरडली, "सुमनताई, फितूर!" मी म्हटलं, हो. कारण सांगितलं नाही. ट्रंक पुन्हा बाजेखाली गेली, तिकीट काढायचं राहून गेलं.

देव आहे की नाही, या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. घरकामाच्या बाबतीत तर नाहीच. एका बाईला वाढवण्यासाठी दुसरीने उपाशी उठावं आणि तेही चोरून, ही काही व्यवस्था नव्हे, आणि हे मी कोणत्याही सभेत सांगेन. पण त्या उन्हाळ्यात रोज रात्री मी सगळ्यांत आधी डोळे मिटले आणि सगळ्यांत शेवटी उघडले. आमटी गार प्याले. शनिवारी मामा काट्यावरून शीळ घालत यायला लागले.

जूनमध्ये शिवणाचा वर्ग सुरू व्हायचा, म्हणून त्याआधी आत्या परत निघाल्या. गालांवर मांस आलेलं, आवाजही चढलेला. जायच्या दिवशी अक्कांनी त्यांच्यासाठी वेगळी नळी काढून ठेवली होती, आतल्या मगजासकट. मटणातला सगळ्यांत चांगला तुकडा. आत्यांचा हात आडवा गेलाच. अक्कांनी नळी आपल्या ताटात ठेवली.

प्रार्थना सुरू झाली. मी डोळे मिटले. पडद्यांचा विषय निघाला, जिभेचा निघाला, आणि मग अक्कांचा आवाज मध्येच थांबला. असं कधी होत नसे. "बापा," त्या हळू म्हणाल्या, "गाडीत खिडकीची जागा मिळू दे त्यांना. गर्मी फार आहे तिकडे. सांभाळ." पुढचे शब्द ओलसर होते, नीट ऐकू आले नाहीत. आज त्या खरोखर डोळे मिटून बोलत असाव्यात. त्या आवाजाच्या आड ताटलीला ताटली घासल्यासारखं काहीतरी वाजलं.

आमेन. डोळे उघडले तर आत्यांकडे गेलेली नळी परत अक्कांच्या ताटात होती. तिच्या शेजारी नेहमी आत्यांच्या ताटात जाणारे दोन तुकडेही.

अक्कांनी ताटाकडे पाहिलं, मग नणंदेकडे. आत्यांचे डोळे अजून मिटलेले, हात जोडलेले, बोटांना रस्सा लागलेला.

"वन्सं, हे काय?"

"आमेन झालंय, वहिनी," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. "ताटातलं परत जात नाही. खा."

बेन्यासुद्धा जागा होता. अक्कांनी बांगड्या खाली सारल्या, नळी हातात घेतली आणि सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली.