पहिली रांग पक्की

बापूराव तांबवेकर यांची प्रकृती उत्तम होती, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीचा चिटणीस या नात्याने ही हकीकत मलाच सांगावी लागते आहे. बापूराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत, रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर चक्कर. सोसायटीत कोणी वारलं की शोकसभेत बोलायचं काम त्यांचंच, कारण ते गहिवरतातही आणि वेळेत आटपतातही. मुलगी शेफाली. तिला गाणं त्यांनी स्वतः शिकवलं. भर दुपारी, सभ्य माणसं झोपतात त्या वेळी, त्यांच्या घरातून भीमपलास ऐकू यायचा आणि मी एकदाही तक्रार केली नाही. आमच्याकडे याहून मोठी दाद देण्याची पद्धत नाही.

तर शेफालीची ‘गळा तुझा, कौल महाराष्ट्राचा’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत निवड झाली. लगोलग वाहिनीच्या कथा विभागाची प्रमुख, आम्रपाली नावाची मुलगी, कॅमेरा घेऊन घरी आली. गाण्याच्या कार्यक्रमात कथा विभाग सगळ्यात मोठा असतो, हे मला तेव्हा कळलं. पेटीवाले आणि तबलजी त्यांच्याच परवानगीने चहा पितात.

“काका, तुमचा स्ट्रगल सांगा ना.”

“कसला?”

“म्हणजे काय काय सोसलंत? गरिबी, आजारपण, पुरात घर गेलं, असं काही?”

“घर दोन बेडरूमचं आहे. गाडी आहे. कर्ज नाही,” बापूराव अभिमानाने म्हणाले.

“निदान गाण्याला घरून विरोध तरी असेल?”

“अहो, मीच शिकवलं तिला!”

आम्रपालीने कॅमेरा बंद करायला सांगितला. “मग ती गाते कशाला?” तिने विचारलं.

पहिल्या भागात शेफाली गायली तेव्हा परीक्षक उठून उभे राहिले. महाराष्ट्र मात्र बसूनच राहिला. मतं पडली नाहीत. पोरगी बाहेर जायची वेळ आली. बापूराव अस्वस्थ झाले. त्यांची एकच इच्छा होती, शेवटच्या फेरीत पहिल्या रांगेत बसून लेकीचं गाणं ऐकायचं. बाकी ट्रॉफी वगैरे त्यांना नको होती. ट्रॉफी पुसत बसावी लागते, असं त्यांचं मत होतं.

“थोडं बीपी आहे मला,” त्यांनी आम्रपालीला फोनवर चाचरत सांगितलं.

“बीपीला मतं पडत नाहीत, काका. एक बाजू गेलीय असं दाखवू. फक्त दाखवायचंय हो!”

“उजवी की डावी?” बापूरावांनी विचारलं. कुठल्याही कामात ते चोख.

उजवी ठरली. पुढच्या भागात बापूराव गोधडी पांघरून पडले, त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी त्यांना चमच्याने पेज भरवली आणि शेफाली स्टेजवर हमसून हमसून रडली. ती खरी रडत होती, कारण तिला हा सगळा प्रकार पटत नव्हता. पण रडण्याचं कारण पडद्यावर दिसत नाही. मतांचा पाऊस पडला.

सोसायटीचाही भाव वाढला. एजंट लोक गिऱ्हाइकांना “शेफालीची बिल्डिंग” म्हणून आमचे फ्लॅट दाखवू लागले. अशात कोणीतरी बापूरावांना टेकडीवर सूर्यनमस्कार घालताना पाहिलं. मी तातडीची सभा बोलावली आणि एकमताने ठराव केला, की सदर सभासदाने स्पर्धा संपेपर्यंत जिना वापरू नये, तसेच सोसायटीच्या आवारात धडधाकट दिसू नये. बापूरावांनीही हात वर केला. डावा.

मग यवतमाळचा स्पर्धक संतोष मतांत पुढे सरकला.

“तो अनाथ आहे, काका,” आम्रपाली घरी येऊन गंभीरपणे म्हणाली. “आणि दिसतोही अनाथ. आजारी वडील अनाथापुढे टिकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.”

“मग काय करायचं म्हणता?”

आम्रपालीने नुसतं भिंतीकडे पाहिलं. तिथे बापूरावांच्या आईवडिलांचे फोटो होते आणि शेजारी एक खिळा मोकळा होता.

शेफाली ताडकन उठली. “मी शो सोडते. बाबा, पुरे झालं हे.”

“अगं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे,” बापूराव तिला समजावू लागले. “मी खरंच का मरणार आहे? तू फक्त सूर सोडू नकोस.” मग आम्रपालीकडे वळून म्हणाले, “माझी एकच अट आहे. फायनलला मला पहिली रांग पाहिजे.”

“पहिली रांग पक्की, काका. शब्द देते.”

अडलं ते सत्यशीलाबाईंपाशी. कॅमेऱ्यापुढे कुंकू लावून बसलेल्या बाईला नवरा गेला असं कोण म्हणणार?

“कुंकू पुसायचं नाही,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “हवं तर तुमचा कॅमेरा पुसा.”

“काकू, दोन मिनिटांचा शॉट आहे हो.”

“हे बसलेत समोर बिस्किट बुडवत, आणि मी कपाळ पुसू? चल, ऊठ इथून.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण कथा विभाग काही उगाच एवढा मोठा नसतो. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने ‘कुंकू न पुसणारी आधुनिक विधवा’ पाहिली आणि तो भारावून गेला. बायकांची मतं एकगठ्ठा पडली. एका महिला मंडळाने सत्यशीलाबाईंना पुरस्कार जाहीर केला. मंडईत भाजीवाल्या नजमाबीने डोळे पुसत कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. पुण्यात एवढं होतं म्हणजे माणूस गेलाच म्हणायचा.

सोसायटीने शोकसभा ठेवली. वाहिनी चित्रीकरणाला येणार होती. पण बोलणार कोण? नेहमीचे वक्ते वारलेले. शेवटी भाषण बापूरावांनीच लिहून दिलं आणि मला आदल्या दिवशी तीनदा म्हणायला लावलं. “‘अजातशत्रू’नंतर थांबा. लोकांना हुंदका द्यायला वेळ लागतो,” असं त्यांनी बजावलं. सभेच्या वेळी ते आतल्या खोलीत पडद्यामागे उभे होते. मौन पाळताना मी पाहिलं, तेही हात जोडून, डोळे मिटून उभे होते. साताऱ्याहून आलेली त्यांची मेव्हणी सभेत ओक्साबोक्शी रडली, आणि आत जाऊन पाहते तर भाऊजी चहा पिताहेत. “लाज नाही वाटत जिवंत राहायला?” असं म्हणून ती न जेवता परत गेली. मला तिचं म्हणणं पटलं. एकदा सभा झाल्यावर माणसाने थोडं जपून राहावं.

यथावकाश फायनलचा दिवस उजाडला. वाघोलीच्या पुढे एका मोठ्या गोडाउनचा स्टुडिओ केलेला. बापूराव इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. मी सोबत होतो. दारातल्या माणसाने यादी पाहिली.

“तांबवेकर पहिल्या रांगेतच आहेत.”

“मीच तो,” बापूराव म्हणाले.

“ते तर पोचलेत.”

आम्ही डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, मखमली खुर्चीवर बापूरावांचा फोटो होता. चंदनाचा हार, समोर समई. वाहिनीने शब्द पाळला होता.

“अहो, पण मला ऐकायचंय हो,” बापूराव मला म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. “तिने आज भीमपलास घेतलाय.”

मला दया आली. टाळ्या वाजवायला माणसं पुरवणारा एक कंत्राटदार बाहेर डबे वाटत होता. त्याला सांगून मी बापूरावांना भाड्याच्या प्रेक्षकांत घुसवलं. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आड जागा मिळाली. “इशारा केला की टाळ्या, दुसरा इशारा केला की डोळे पुसायचे, मध्येच काही करायचं नाही,” असं त्यांना सांगण्यात आलं.

शेफाली स्टेजवर आली. तिने फोटोला नमस्कार केला आणि तिला लिहून दिलेलं वाक्य म्हटलं, “बाबा, तुम्ही जिथे असाल तिथून मला ऐकताय ना?”

खांबामागे बापूरावांचा हात आपोआप वर गेला.

“ओ आजोबा, हात खाली!” कंत्राटदार खेकसला.

ती गायली. बापूराव रडले. कोणीही इशारा केलेला नसताना रडले, मांडीवर ताल धरून, मान हलवत, बाळासारखे रडले. एका कॅमेरावाल्याला ते दिसलं. त्याने ते टिपलं, आणि स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर शेफालीच्या जागी बापूराव आले. गाणं संपेपर्यंत तेच होते.

शेफाली जिंकली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर होते ते ‘रडणारे आजोबा’. कोण हे अनोळखी गृहस्थ? परक्या मुलीसाठी एवढं रडणारा माणूस आज मिळतो कुठे? असं जो तो विचारत होता. वाहिनीने शोधाशोध केली. रडताना चष्मा काढलेला आणि घरात कोंडल्यापासून दाढी वाढलेली, त्यामुळे हारातल्या फोटोशी कोणी ताडून पाहिलं नाही. फक्त आम्रपालीने ओळखलं. ती पेढे घेऊन आली.

“काका, पुढच्या सीझनला तुम्ही आमचे कायमचे प्रेक्षक! फक्त एक अडचण आहे. दिवंगत वडील आणि रडणारे आजोबा एका घरात राहू शकत नाहीत.”

“आणि शेफाली?”

“तिला भेटायचं नाही. तुमचा तिच्याशी संबंध काय?”

करारावर आधीच सह्या झालेल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर शेफालीची ट्रॉफी गेली असती. बापूराव वाघोलीत वाहिनीने दिलेल्या फ्लॅटवर राहायला गेले. आम्ही सोसायटीच्या दारात शेफालीचा फ्लेक्स लावला आणि खालच्या कोपऱ्यात बापूरावांना श्रद्धांजली वाहिली.

परवा मी त्यांना भेटायला गेलो. खाली बागेत लोक फोटो काढून घ्यायला त्यांच्याभोवती जमले होते. भाग्यश्री नावाची एक आयटीतली मुलगी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, “आजोबा, त्या शेफालीला तुमच्यासारखे वडील असायला हवे होते हो!”

“त्या दिवशी ती कशी गायली?” बापूरावांनी विचारलं.

“फारच भारी!”

“हो, पण काय गायली?”

मुलगी शेजारणीकडे बघायला लागली, शेजारीण तिसरीकडे. “ते कुंकवाचं होतं ना, आईचं...” कोणीतरी म्हणालं. म्हातारा प्रत्येकाला हेच विचारत सुटतो, त्यामुळे लोक हल्ली फोटो काढला की लगेच पळतात.

तुम्हालाही विचारतील. समईही तुम्हाला आठवत असेल, आणि भिंतीवरचा खिळासुद्धा. राग कोणता, ते मी वर दोनदा सांगितलं आहे. आता मागे जाऊन बघू नका; मत तुम्ही त्या वेळी दिलंत, तेव्हाही बघितलं नव्हतंत.