आ करा आणि साक्ष ऐका

भक्ती ही एकट्याने करायची गोष्ट नाही, हे ज्यांना ती एकट्याने जमत नाही त्यांनी केव्हाच सिद्ध केलेले आहे. याच तत्त्वावर एका चर्चच्या मंडळीत साक्ष समिती स्थापन झाली. आपल्या मनातला प्रभू इतरांपर्यंत पोचवावा, म्हणजेच साक्ष द्यावी, ही शिकवण जुनीच. समितीने तिला फक्त नमुना क्रमांक तीन जोडला. दर रविवारी उपासनेनंतर तो भरून द्यायचा: किती जणांना सुवार्ता सांगितली, किती मिनिटे सांगितली, आणि ऐकणाऱ्याचा प्रतिसाद. (प्रतिसाद दोनच प्रकारचे: आनंदाने ऐकले, दार लावून घेतले.)

पहिल्या महिन्यात बहात्तर टक्के दारे लागली. उरलेल्यांत अंगावर कुत्रे सोडल्याचे प्रकार होते. त्यासाठी रकाना नसल्याने ते 'आनंदाने ऐकले'मध्ये धरण्यात आले.

मंडळीतल्या एका दातांच्या डॉक्टरांचा नमुना मात्र तीन रविवार कोराच गेला. डॉक्टर पहिल्यापासून मुखदुर्बळ. त्यांची भक्ती एवढीच, की हातमोजे चढवले की मशीन सुरू करण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे आणि खुर्चीतल्या माणसासाठी मनातल्या मनात प्रार्थना करायची. वीस वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. पेशंटना वाटे, डॉक्टर विचार करताहेत.

मग समितीच्या अध्यक्षांची दाढ किडली. तोंडात कापूस, नळी आणि आरसा असताना त्यांच्या लक्षात आले, की या खुर्चीतल्या माणसाला उठता येत नाही, वाद घालता येत नाही, आणि दार त्याच्या हातापासून दहा फुटांवर आहे. चूळ भरल्याबरोबर ते म्हणाले, "अहो, देवानं ताट वाढून ठेवलंय, आणि तुम्ही डोळे मिटून काय बसता?"

"मला बोलता येत नाही हो."

"समोरच्याला येत नाही ना? झालं तर."

समितीने डॉक्टरांना बारा मिनिटांची साक्ष लिहून दिली. तीन महिन्यांत श्रोते चारशे बारा, तक्रारी शून्य. शहाण्णव टक्के लोकांनी मान हलवली. (मशीन चालू असताना मान आपोआप हलते, असे एका संशयी सभासदाने सुचवले. त्याची खुर्च्या लावण्याच्या कामावर बदली झाली.) डॉक्टरांना प्रशस्तिपत्र मिळाले, ते दवाखान्यात लागले. खोटे कशाला बोला, डॉक्टर सुखावले. बारा मिनिटे साक्षीत जात असल्यामुळे डोळे मिटायला वेळ उरेना, ही तशी किरकोळ बाब होती.

एका दुपारी निवृत्त शिक्षिकाबाई अक्कलदाढ काढायला आल्या. बाई जुन्या पेशंट आणि भयंकर भित्र्या. खुर्चीचे हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पूर्वी डोळे मिटून काय करायचात?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. "तुमच्यासाठी प्रार्थना."

"तरीच. तेवढ्यासाठी मी दोन बस बदलून इथं यायची. मी काही तुमच्या देवाची नाही, पण भीती जायची. आज करा ना तेवढं."

वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी आपणहून मागितले होते. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि प्रभूला हाक मारली. आतून साक्ष सुरू झाली, पहिल्या मिनिटापासून, मधल्या 'आता चूळ भरा'सकट. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. दुसरे काही येईचना.

"राहू दे," बाई म्हणाल्या आणि मुकाट्याने आ केला. दाढ निघेपर्यंत त्या थरथरत होत्या, आणि डॉक्टरही.

रविवारी डॉक्टरांनी नमुना भरला नाही. समितीपुढे उभे राहून घडले ते सांगितले. "मला आता प्रार्थना येत नाही," म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडले. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि प्रेमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"फारच परिणामकारक," ते म्हणाले. "हे साक्षीत घाला. शेवटी, रडण्यासकट."

हल्ली साक्ष पंधरा मिनिटांची आहे.

डॉक्टरांना हसायला कोणाचीच हरकत नाही. फक्त ज्यांनी आज देवापुढे, नाहीतर आजारी आईच्या उशाशी, हात जोडण्याआधी फोटो काढला नाही, त्यांनीच हसावे. बाकीच्यांनी आधी त्या फोटोला किती अंगठे आले ते बघून घ्यावे.