पाणक्याच्या आईची गळाभेट

व्यावसायिक सायकल शर्यतींत एक जुनी रीत आहे. शर्यत एखाद्या खेळाडूच्या घरावरून जात असेल, तर बाकीचा घोळका आपण होऊन वेग कमी करतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. तो दाराशी उतरतो, आईबापांना, बायकोपोरांना मिठी मारतो, डोळे पुसतो आणि पुन्हा घोळक्यात येऊन मिसळतो. याला कुणाची परवानगी लागत नाही, सही लागत नाही, बैठक तर नाहीच नाही. त्यामुळेच ही रीत आपल्या कथेतल्या संघाला अतिशय अवघड गेली.

या संघाचा इतिहास मोठा उज्ज्वल आहे आणि तो दर तीन-चार वर्षांनी नव्याने सुरू होतो. एका गादी कारखानदाराचा जावई काही कामधंदा करीना, पण सायकल बरी चालवी, म्हणून सासऱ्याने वैतागून चार सायकली घेऊन दिल्या, ही स्थापना. पुढे गाद्यांचा धंदा बसला तेव्हा संघ एका रंगाच्या कंपनीने घेतला. रंगवाल्यांनी पहिलं काम काय केलं, तर गादीवाल्यांच्या काळातल्या ढाली जिन्याखाली टाकल्या आणि संघाची स्थापना आपणच केल्याचं जाहीर केलं. मग पाइपवाले आले, विमावाले आले. प्रत्येकाने संघ स्थापन केला. सध्या तो पुन्हा एका गादी कंपनीकडे होता, अर्थात वेगळ्या, आणि कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्थापना : गेल्या वर्षी. परंपरा : अखंड.'

संघाची रचनाही समजायला सोपी आहे. आठ जण सायकल चालवतात. त्यातला एक जिंकतो, तो कप्तान. उरलेले सात त्याने जिंकावं म्हणून हरतात, आणि हरण्याचा त्यांना पगार मिळतो. या आठांच्या मागे डॉक्टर, मालिशवाले, स्वयंपाकी, आकडेमोड करणारे, आणि गादीवाले आल्यापासून एक निद्रा सल्लागार, असे मिळून दोन बस भरतील इतके लोक असतात. मध्यंतरी खर्चात कपात करायची ठरली, तेव्हा सायकलपटू कमी करावेत अशी शिफारस आली. पडणं, झडणं, आजारी पडणं हा सगळा ताप त्यांच्याचकडून होत होता.

सातांपैकी सर्वांत जुना म्हणजे पाणक्या. नेमणुकीत त्याचं पद 'सहायक सायकलपटू (जल व वारा)' असं होतं, पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसतो? मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत मागे जायचं, जर्सीत पुढून-मागून बाटल्या कोंबायच्या, जिवाच्या आकांताने पुन्हा घोळका गाठायचा आणि समोर येईल त्या हातात बाटली द्यायची. हे झालं जल. कप्तानाच्या पुढे राहून समोरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, म्हणजे कप्तान मागे आरामात. हा झाला वारा. कप्तानाची सायकल बिघडली तर त्याला आपली देऊन आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हे नेमणुकीत कुठे नव्हतं. ते संस्कारात धरलं होतं.

इतकी वर्षं घाम गाळूनही पाणक्या टीव्हीवर कधी दिसला नाही. कॅमेरा पुढे आणि हा बाटल्या आणायला मागे. त्याच्या आईचं एका गल्लीत शिवणकामाचं दुकान होतं. पुढे यंत्र, मागे राहायची खोली. गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे शर्यत बघायला कुठे जाणं शक्यच नव्हतं. ती प्रत्येक शर्यत टीव्हीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघे आणि मग फोन करी.

"अरे, होतास कुठे तू? डोळे फाडफाडून बघितलं मी."

"पाणी आणायला गेलो होतो, आई."

"नेमकं दाखवतात तेव्हाच कशी रे तहान लागते तुमच्या त्या मेल्यांना?"

समोरच्या औषधाच्या दुकानदाराचं तर मत झालं होतं की, मुलगा कुठल्यातरी सायकलच्या दुकानात पंक्चर काढत असावा आणि म्हातारी उगीच हवा करतेय. तो तसं तोंडावर म्हणत नसे. पण नुसतं "हो का?" म्हणायची त्याची एक तऱ्हा होती, आणि ती आईच्या जिव्हारी लागे.

अशात यंदाच्या शर्यतीचा मार्ग जाहीर झाला आणि तो थेट त्या गल्लीतून जाणार होता. आईने त्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं, "माझा मुलगा दारात उतरणार आहे. सगळी शर्यत थांबेल त्याच्यासाठी."

"हो का?" औषधवाला म्हणाला.

पाणक्याने नोकरीत पहिल्यांदाच संघाकडे काहीतरी मागायचं ठरवलं. सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने त्याला परोपरीने समजावलं, "मागू नकोस. सरळ उतर, मिठी मार आणि निघ. विचारलंस की मेलास." पण पाणक्या पडला नाकासमोर चालणारा. तो संघाच्या बसमध्ये जाऊन संचालकांपुढे उभा राहिला.

"उतरणार म्हणजे? सायकलवरून?" संचालकांनी विचारलं.

"हो सर. आईला भेटायचं आणि लगेच निघायचं."

"आणि तेवढ्यात कुणाला तहान लागली तर?"

"आधीच सगळ्यांना बाटल्या देऊन ठेवीन, सर. रीतच आहे तशी. सगळ्या संघांत भेटतात."

"रीत आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण आपल्या संघात आहे का? आपली स्थापना गेल्या वर्षीची. गेल्या वर्षी कुणी भेटलं होतं का आईला?"

पाणक्याला कुणी आठवेना.

"मग? आज तुला सोडलं तर उद्या सगळ्यांनाच आया निघतील."

विषय बैठकीत गेला. तिथे प्रसिद्धी विभागाच्या बाई इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या, त्या 'आई' शब्द ऐकताच ताठ झाल्या.

"खरी आई?" त्यांनी विचारलं.

पाणक्याने खरी असल्याचं सांगितलं.

"वय झालंय? एकट्याच राहतात? काही दुखतं-खुपतं?"

"गुडघे, मॅडम."

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या.

गादी कंपनीची नवी जाहिरात 'आईच्या कुशीची ऊब' अशी होती आणि तिच्यासाठी त्या केव्हापासून एक बरीशी आई शोधत होत्या. भेट तिथल्या तिथे मंजूर झाली. शिवाय तिचा दर्जा वाढवून तिला 'कौटुंबिक भावनिक उपक्रम' असं नाव मिळालं. पाणक्याने बाहेर येऊन आईला फोन लावला. ती आधी हसली, मग रडली, आणि मग म्हणाली, "थांब, आत्ताच्या आत्ता त्या औषधवाल्याला सांगून येते."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत माणसं येऊ लागली. एकाने उजेड मोजला. दुकानाचं दार सावलीत येत होतं, म्हणून आईने औषधवाल्याच्या पायरीवर राहावं असं ठरलं. शिवणयंत्रही तिकडे नेऊन मागे ठेवायचं होतं, मात्र त्यावर काम चालू नको, कारण त्यातून कष्ट दिसतात. पायरीपुढे कंपनीची गादी अंथरली. आईने तिच्यावर उभं राहायचं. निद्रा सल्लागाराने आईची मिठी तपासली आणि ती प्रमाणाबाहेर घट्ट असल्याचा अभिप्राय दिला. तिच्यात जर्सीवरचं कंपनीचं नाव दडपलं जात होतं.

"अहो, पण मी माझ्या मुलाला अशीच मिठी मारते," आई म्हणाली.

"मारा ना, मावशी. फक्त डावीकडून मारा."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कप्तानाला कळलं.

कप्तान स्वभावाने अत्यंत निगर्वी. तो पाणक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला तर आनंदच आहे रे. अडचण माझी नाहीच, कराराची आहे. आणि तो माझ्या वकिलाने केलाय." करारानुसार शर्यत चालू असताना संघातल्या कुणालाही कप्तानापेक्षा जास्त टाळ्या मिळता कामा नव्हत्या. त्यात आकडेमोड करणाऱ्याने उठून दाखवून दिलं की, पाणक्या पुढे निघून गेला तर तेवढा वेळ कप्तानाला वारा लागेल. कप्तानाला वारा!

"असं करू, कप्तानांनीच आपल्या आईला भेटावं," संचालक म्हणाले.

पण कप्तानाची आई मार्गावर राहत नव्हती. तिला आणून मार्गावर उभी करावी, तर तिने मुलाशी बोलणं टाकलं होतं.

तोडगा बाईंनी काढला, आणि तो इतका सोपा होता की आधी कसा सुचला नाही याचंच सगळ्यांना नवल वाटलं. आई आहे. गादी आहे. मिठीची तालीम झालेली आहे. मुलगा तेवढा बदलायचा.

"संघ म्हणजे एक कुटुंबच ना?" बाई म्हणाल्या. "मग एकाची आई ती सगळ्यांची आई."

"आणि मी?" पाणक्याने विचारलं.

"तू वारा घेशील," संचालक मायेने म्हणाले. "गल्लीच्या तोंडापर्यंत कप्तानाला तूच आणायचंस. तुझ्याशिवाय हे होणारच नाही, बाबा."

तुझ्याशिवाय होणार नाही, हे त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे पाणक्या क्षणभर हुरळला, आणि मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

आईला कसं सांगायचं? त्याने फोन लावला तर तीच सुरू झाली. "नवीन शिवलंय मी माझ्यासाठी. कितीतरी वर्षांनी. आणि ऐकलंस का, त्याच्याच पायरीवर उभी राहणार आहे मी! तोंड बघायला हवं त्याचं." पाणक्याच्या तोंडून "हो, आई" एवढंच निघालं.

"सांगितलंस?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही."

"शेळपट आहेस. आता एक कर, त्या कप्तानाला जाऊ दे खड्ड्यात. तू उतर. काय करतील? फार तर काढतील."

पाणक्याने सायकलची मूठ घट्ट धरली. उतरायचंच, त्याने ठरवलं. नोकरी गेली तर गेली.

शर्यतीच्या दिवशी गल्ली जवळ आली तसा घोळका आपोआप मंदावला. दुसऱ्या संघांच्या लोकांना हे घर कुणाचं ते ठाऊक होतं. कुणी पाणक्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी ओरडलं, "जा रे, जा! भेटून ये आईला!" तो निघाला. मागोमाग, वारा न लागता, कप्तान. गल्लीच्या तोंडाशी कानातल्या यंत्रातून संचालक बोलले, "आता बाजूला हो. बाजूला! ऐकू येतंय ना?" पाणक्याला सगळं ऐकू येत होतं. तो तसाच पुढे गेला आणि खरोखर उतरला.

पण सवय म्हणून तो कडेला उतरला होता. तेवढ्यात कप्तान सरळ गादीवर चढला आणि त्याने आईला डावीकडून मिठी मारली.

आई नव्या कपड्यांत ताठ उभी होती. पहिला येईल त्याला धरायचं, मागून तुमचा येतोच आहे, असं तिला बजावलेलं. तिने त्या परक्या पोराच्या पाठीवर कशीबशी एक थाप मारली आणि त्याच्या खांद्यावरून मान उंचावून ती शोधू लागली. पाणक्या दिसला.

"अरे, किती वाळलास रे!" ती म्हणाली, आणि तिने कप्तानाच्या बाजूने हात लांब केला.

पाणक्यासमोर हात आला. त्याने त्या हातात बाटली दिली.

दिल्यावर त्याला कळलं की हा हात कुणाचा. तो पुढे झाला, पण कानात आरडाओरडा सुरू झाला होता, "कप्तान निघाला! वारा कोण घेतंय? अरे, वारा!" आणि पाणक्याच्या आधी पाणक्याचे पायच निघाले. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग गल्ली संपली.

आई बाटली धरून गादीवर तशीच उभी राहिली. औषधवाला या वेळी काही म्हणाला नाही. त्याने तिला हाताला धरून आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

फोटो जगभर गेला. 'किती वाळलास रे' हे वाक्य ध्वनिमुद्रणात स्वच्छ आलं होतं, त्यामुळे कप्तानाच्या तब्येतीची चौकशी करणारी पत्रं पोत्यांनी आली. कडेला बाटली धरलेला एक हात चौकटीत येत होता, तो छापताना कापला. गाद्यांचा खप वाढला. पाणक्याने घरी जायला रजा मागितली तेव्हा, आईची भेट या मोसमात एकदा होऊन गेली असल्याने दुसरी देता येत नाही, असं त्याला कळवण्यात आलं.

तो फोटो तुम्हीही पाहिलात. नाही कशाला म्हणता, चांगले डोळे भरून आले होते तुमचे. 'आईची सर कुणाला नाही' असं लिहून तुम्ही तो ओळखीच्या सगळ्यांना पाठवलात, आणि आठवणीने आपल्या आईलाही. यंदाही तिच्याकडे जायला जमलं नव्हतं ना, म्हणून. तिने लगेच उलट विचारलं, 'जेवण झालं का?' त्याला उत्तर द्यायचं तुमचं राहून गेलंय.