बिनखरखरीचं कार्ड

साउंड कार्ड घ्यायला खिशात हळकुंडं घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी तात्या. सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते काउंटरवरच कार्ड जोडायला लावत, माइकसमोर हळकुंड मोडत आणि रेकॉर्ड झालेला आवाज डोळे मिटून ऐकत. पाच-सहा हळकुंडं मोडली की दुकानदार फडक्याने काउंटर पुसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी भिंतीवर टांगलेले माउस न्याहाळत उभा राहायचो.

तात्यांचा जन्म हळदीच्या पेठेत गेला. हळकुंड कानाजवळ मोडून ते ओलं की वाळलेलं, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत आणि व्यापारी मान डोलावत. "डोळं फसत्यात, मास्तर. कान फसत न्हाई," हे त्यांचं वेदवाक्य. मी शाळेत भूगोल शिकवतो. पण मराठी टायपिंग येतं एवढ्या भांडवलावर तात्यांनी मला कॉम्प्युटरचा तज्ज्ञ नेमून टाकलं होतं.

त्यांचा मुलगा विजय बेंगळुरूला असतो. त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला, त्यावर दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. "मोबाइलवर पोराचं त्वांड सुपारीएवढं दिसतंय," असं तात्यांचं म्हणणं. आईच्या वर्षश्राद्धानंतर विजय घरी आला नव्हता. तात्यांना एकच विचारायचं असायचं, कधी येतोस. पण ते विचारेपर्यंत नेमका विजय म्हणायचा, "तात्या, आवाज कटतोय. ठेवतो."

तात्यांनी गुन्हेगार शोधला, मदरबोर्ड! त्यात तथ्यही होतं म्हणा. माउस हलवला की स्पीकरमधून कुंईऽ यायचं.

"बोर्डावरचा आवाज म्हंजी पोटभाडेकरू, मास्तर. सवतं कार्ड पायजे. पर लय भारी नगं."

पहिलं कार्ड अंगठ्याएवढं होतं. कुंई गेली, पण मागे बारीक खरखर राहिली. "ह्ये ओलं हाय." परत. दुसऱ्याचा माइक दबका निघाला. "ह्याला कीड लागलीया." तेही परत. तिसरी काडेपेटीएवढी डबी दुकानदाराने हात जोडूनच पुढे केली. तात्यांनी हळकुंड मोडलं. कट्ट! त्यांनी डोळे उघडले.

"खणखणीत हाय. बांधा."

रविवारी मला मुद्दाम बोलावणं आलं. तात्या इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. विजयचा आवाज तर शेजारच्या खुर्चीतून यावा तसा. त्याच्या स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता.

"न्ह्यारी झाली का रं?"

"व्हय तात्या, आत्ताच केली."

"आन् सूनबाई?"

"बरी आहे. चटणी वाटतेय."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. फार हळू, जवळजवळ लाजत त्यांनी विचारलं, "घराकडं कवा येतोस?"

पलीकडे मिक्सर चालूच होता.

"तात्या, आवाज कटतोय तुमचा. ठेवतो."

पडदा काळा झाला. कुठे बघावं ते मला कळेना. तात्यांनी कार्ड उपसलं आणि सावकाश त्याच्या खोक्यात घातलं.

"ह्यातबी खरखर हाय, मास्तर. पोराला बिचाऱ्याला कायबी ऐकू जात न्हाई. उद्या बदलून आणू."

"आहे खरी," मी म्हणालो. "मलाही ऐकू आली."